वजनकाट्यासाठी पोरांना तहानलेले ठेवू नका

कबड्डीच्या वजनी गटाच्या स्पर्धा लागल्या की वस्तीत एक जुना प्रकार सुरू होतो. पोरगा दोन किलोने जास्त भरतो म्हणून त्याचे रात्रीचे जेवण बंद, पाणीही बंद. भर दुपारी अंगात जाड जर्किन घालून त्याला मैदानाला फेऱ्या मारायला लावतात. घाम गळतो, काटा खाली येतो, सगळे खूश. आम्हाला यात खूश होण्यासारखे काही दिसत नाही.

एका रात्रीत चरबी उतरत नाही. जाते ते मुख्यतः पाणी. शरीराच्या वजनाच्या २ टक्के पाणी गेले की दम टिकेनासा होतो, उन्हात तर जास्तच, हे खेळाच्या संशोधनात पुनःपुन्हा दिसले आहे. ५० किलोच्या पोराला हे म्हणजे फक्त एक किलो. रक्तातले पाणी कमी होते, हृदयाला जास्त वेगाने काम करावे लागते आणि अंग तापत जाते. ज्या सामन्यासाठी एवढे हाल केले, त्याच सामन्यात चढाई करताना त्याचा दम तुटतो.

दम तुटण्यावरच भागेल असेही नाही. अमेरिकेत १९९७ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये पाचेक आठवड्यांत कॉलेजचे तीन कुस्तीगीर वजन उतरवताना मेले. त्यानंतर तिथल्या कॉलेज क्रीडा संघटनेने रबरी सूट आणि वाफेच्या खोल्यांवर बंदी घातली आणि वजन सामन्याच्या अगदी जवळ घ्यायला सुरुवात केली. मध्ये वेळच उरला नाही, की पाणी तोडून फायदा काय?

विनेश फोगाट आठवा. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये १०० ग्रॅम जास्त भरले आणि अंतिम सामना हातून गेला. रात्रभर घाम गाळला, केससुद्धा कापले, पुढे शरीरातले पाणी कमी झाल्याने उपचार घ्यावे लागले. तिच्यामागे डॉक्टर होते, आहारतज्ज्ञ होते. आपल्या पोरामागे कोण? मंडळातला एखादा जुना खेळाडू आणि त्याचे ‘आमच्या वेळी असंच करायचो’.

मुलींचे आणखी वेगळे. सराव जास्त आणि खाणे कमी, असे महिनोन्महिने चालले की पाळी थांबते, हाडे कमजोर होतात. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने २०१४ मध्येच याबद्दल सावध केले आहे, आणि मुलांनाही हा त्रास होतो असे सांगितले आहे. तेव्हा ‘खेळते म्हणून पाळी येत नसेल’ असे म्हणून आईने गप्प बसू नये. तीन महिने पाळी आली नाही तर सरकारी दवाखाना गाठावा.

आमचे मत स्पष्ट आहे. वाढत्या वयाच्या पोराचे वजन उतरवूच नये, त्याला वरच्या गटात खेळवावे. संघ दुबळा पडला तर पडू द्या. मंडळांनीही काटा सामन्याच्या तासभर आधी ठेवावा आणि जर्किन घालून पळणाऱ्याला तिथल्या तिथे थांबवावे. डब्यातल्या महागड्या पावडरीवर पैसे घालवण्यापेक्षा अंडी, डाळ, शेंगदाणे घरात आणावेत.

आणि सरावात पोराला चक्कर आली, लघवी गडद पिवळी झाली, तर त्याला सावलीत बसवा, ओआरएस घोटघोट पाजा, त्या दिवशी खेळवू नका. तो असंबद्ध बोलू लागला किंवा कोसळला तर तोंडात काही घालू नका. अंगावर गार पाणी ओतत लगेच १०८ ला फोन करा.