रुळांखालचं बूच

गेल्या सुट्टीत आमच्या घरात रेल्वे आली. एचओ मापाची, म्हणजे खऱ्या गाडीच्या ८७व्या हिश्श्याची. दोन रुळांत अंतर १६.५ मिलिमीटर. मुलांनी प्लायवूडवर थेट रूळ ठोकले, गाडी सोडली आणि सारं घर खडखडू लागलं. पोकळ प्लायवूड ढोलासारखं वाजतं, हे आम्हाला तेव्हा कळलं.

यावर उपाय म्हणजे बुचाची पट्टी. बूच ही पोर्तुगाल-स्पेनकडच्या एका ओक जातीच्या झाडाची साल. झाड न तोडता साधारण ९ वर्षांनी ती सोलतात. ती आवाज शोषते, शिवाय खऱ्या रुळांखालच्या खडीच्या भरावासारखी उंचीही देते.

एचओसाठी सुमारे ५ मिलिमीटर जाडीची पट्टी घ्यावी. ती मधोमध तिरकी कापलेली असते. दोन भाग सुटे करून तिरप्या कडा बाहेर ठेवायच्या, सरळ कडा मध्यरेषेला भिडवायच्या. त्यासाठी आधी पेन्सिलीने रुळाची मध्यरेषा आखावी. वळणावर एकेक भाग सहज वाकतो. पांढऱ्या गोंदाचा पातळ थर द्यावा, टाचण्या लावाव्यात आणि रात्रभर सुकू द्यावं.

आम्ही इथेच घाई केली. दोन्ही भागांचे सांधे समोरासमोर आले, वर सुकलेल्या गोंदाचा गोळा राहिला. वळणावर इंजिन दरवेळी त्याच जागी घसरायचं. मुलं रूळ बदलू लागली.

आमचे नाना रेल्वेत गँगमन होते. निवृत्तीनंतर फारसं बोलत नाहीत. ते उठून आले, वाकून बोट फिरवलं आणि म्हणाले, "पोरांनो, रुळाला काय बघता? खालची जमीन बघा."

त्या जागी ओलं फडकं ठेवून गोंद मऊ केला, पट्टी सोडवली. या वेळी सांधे मागे-पुढे ठेवले. सुकल्यावर लाकडाच्या ठोकळ्याला सँडपेपर गुंडाळून वरची बाजू सपाट घासली. पट्टी संपते तिथे एकदम पायरी न ठेवता लांब उतार दिला. नाना प्रत्येक सांध्यावर बोट फिरवून 'चला' म्हणत होते.

गाडी न घसरता फिरली. आता रोज असरनंतर नाना मुलांची वाट बघत बसतात, कधी कधी मुलांच्या आधी.