अक्षरांना वाचा

छापील कागद ज्याला दिसतो त्याच्याशीच बोलतो. अंध माणसाच्या हाती ठेवलेले पुस्तक, मग ते कितीही मोलाचे असो, त्याच्यासाठी कागदांचा गठ्ठाच असते. त्या गठ्ठ्याचा ग्रंथ व्हावा यासाठी दीर्घकाळ दोनच मार्ग उपलब्ध होते. कोणीतरी वाचून दाखवावे, नाहीतर तो मजकूर ब्रेल लिपीत उतरवावा. पहिल्या मार्गात दुसऱ्याच्या सवडीची वाट पाहावी लागते. आणि वाचणाऱ्याला कंटाळा आला की ऐकणाऱ्याचे वाचनही तेथेच थांबते. दुसरा मार्ग स्वावलंबनाचा आहे. लुई ब्रेल यांनी तयार केलेली सहा टिंबांची लिपी १८२९ मध्ये प्रसिद्ध झाली आणि भारतीय भाषांसाठी 'भारती ब्रेल' १९५१ मध्ये स्वीकारली गेली. स्वागत थोरात यांनी फेब्रुवारी २००८ मध्ये 'स्पर्शज्ञान' हे मराठी ब्रेल पाक्षिक सुरू केले, तेव्हा मराठी अंध वाचकाला स्वतःच्या बोटांनी वृत्तपत्र वाचता येऊ लागले. परंतु ब्रेलला जाड कागद लागतो, जागा फार लागते, आणि मराठीत प्रसिद्ध होणाऱ्या मजकुराचा फारच लहान अंश ब्रेलमध्ये येतो.

संगणकाने तिसरा मार्ग खुला केला. रे कुर्झवाइल या अमेरिकी संशोधकाने १९७६ मध्ये छापील इंग्रजी मजकूर मोठ्याने वाचणारे यंत्र जगापुढे ठेवले. पुढे पडद्यावरील मजकूर बोलून दाखवणाऱ्या संगणक-आज्ञावली आल्या. त्यांना स्क्रीन रीडर, म्हणजेच पडदावाचक, असे म्हणतात. त्यांपैकी 'जॉज' ही आज्ञावली जगभर नावाजली गेली; मात्र तिची किंमत सर्वसामान्य भारतीय कुटुंबाच्या आवाक्याबाहेरची होती. २००६ मध्ये ऑस्ट्रेलियातील मायकेल करन या दृष्टिहीन तरुणाने 'एनव्हीडीए' ही आज्ञावली लिहिण्यास सुरुवात केली आणि ती सर्वांना विनामूल्य दिली. तिच्यासोबत येणारा 'ईस्पीक' हा लहानसा आवाज मराठीही बोलतो. तो यंत्रासारखा कोरडा आहे, हे खरे. पण सराईत अंध वाचक तो इतक्या वेगाने ऐकतात की शेजारी बसलेल्या डोळस माणसाला त्यातले अक्षरही कळू नये. आता तर बहुतेक अँड्रॉइड भ्रमणध्वनींत 'टॉकबॅक' नावाचा पडदावाचक असतो आणि मराठी बोलणारा आवाजही मिळतो.

आवाज आला, तो स्वस्त झाला, खिशात मावू लागला. मग अडचण उरली कोठे? ती उरली आहे पानात. संकेतस्थळे तयार करणारे जी पाने लिहितात, त्यांतील बरीच पाने या आवाजाला वाचताच येत नाहीत.

छत्तीसगडमधील भिलाईलगतच्या बोरसी या वस्तीचे उदाहरण घेऊ. नागपूरकर भोसल्यांचा अंमल १८५४ पर्यंत या मुलखावर होता. त्यानंतर १९५६ पर्यंत हा भाग नागपूर राजधानी असलेल्या प्रांतात राहिला. फेब्रुवारी १९५९ मध्ये भिलाईच्या पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी सुरू झाली आणि देशाच्या सर्व भागांतून माणसे येथे आली. त्यामुळे या परिसरात मराठी बोलणारी घरे आहेत. पण भोवतालचा सारा व्यवहार हिंदीचा आणि छत्तीसगढीचा. मराठी पुस्तकांची मोठी बाजारपेठ म्हणजे नागपूर, आणि ते सुमारे अडीचशे किलोमीटरवर. अशा ठिकाणी राहणारा मराठी माणूस दृष्टिहीन असेल, तर त्याला मराठी वाचनालय कोणते? मराठी ब्रेल पुस्तके जवळपास मिळणे कठीण. वाचून दाखवणाऱ्या नव्या पिढीचे शिक्षण बहुधा हिंदीतून किंवा इंग्रजीतून झालेले. त्याच्यासाठी मराठी वाङ्मयाचे दार एकच, ते म्हणजे संगणकाचा किंवा भ्रमणध्वनीचा पडदा. पुण्यातील वाचकाला संकेतस्थळ बंद मिळाले तर दुसरी वाट असते. बोरसीतील या वाचकाला ती नसते.

या दारात पहिला अडसर घातला तो मराठीच्याच जुन्या टंकांनी. युनिकोडचा प्रसार होण्यापूर्वी प्रत्येक टंक-निर्मात्याची देवनागरीची स्वतंत्र व्यवस्था होती. पडद्यावर 'क' दिसे. परंतु संगणकाच्या पोटात त्या जागी एखादे रोमन अक्षर किंवा विरामचिन्ह साठवलेले असे. 'क' चे रूप होते ते केवळ टंकाच्या सोंगामुळे. डोळ्यांना हे सोंग पुरेसे होते. पडदावाचक मात्र सोंग पाहत नाही. पोटात जे साठवले आहे तेच वाचतो. त्यामुळे डोळस वाचक जेथे अग्रलेख वाचत असे, तेथे अंध वाचकाच्या कानावर रोमन अक्षरांची आणि चिन्हांची निरर्थक माळ पडे. मराठी वृत्तपत्रांची आरंभीची संकेतस्थळे अनेक वर्षे अशीच होती. २००९ मध्ये केंद्र शासनाने भारतीय भाषांसाठी युनिकोड हे प्रमाण ठरवले आणि परिस्थिती पालटू लागली. तरी हा आजार समूळ गेलेला नाही. छपाईसाठी जुन्या टंकात जुळवलेली पुस्तके, अंक, परिपत्रके आजही तशीच पीडीएफ करून संकेतस्थळावर ठेवली जातात. ती दिसतात मराठी. असतात मात्र भलतीच.

याची परीक्षा कोणालाही घेता येते. त्यासाठी संगणकशास्त्र शिकण्याची गरज नाही. पडद्यावरील एक ओळ निवडावी, तिची नक्कल कोऱ्या पानावर उतरवावी. मराठी उतरली तर ती ओळ अंध माणसालाही ऐकू येईल. चित्रविचित्र चिन्हे उतरली तर त्याच्या कानी तीच पडतील. आणि ओळ निवडताच आली नाही, तर तो मजकूर नसून मजकुराचे छायाचित्र आहे, असे समजावे. सही-शिक्क्यानिशी कागद तयार करून त्याची प्रतिमा संकेतस्थळावर टाकण्याची रीत कार्यालयांत इतकी रुळली आहे की, तीत काही उणे आहे हे कोणाच्या लक्षातही येत नाही. प्रतिमेतील अक्षरे ओळखणारी साधने आता मराठीसाठीही आहेत. परंतु जो मजकूर मुळात संगणकावरच टंकलिखित झाला, तो छापून, त्याचे चित्र काढून, पुन्हा त्यातून अक्षरे शोधण्याचा भार वाचणाऱ्यावर टाकणे हा उलटा कारभार झाला.

दुसरी उणीव फारच लहान आहे, आणि बोरसीतील वाचकाला ती विशेष जाचते. प्रत्येक संकेत-पानाच्या आरंभी ते पान कोणत्या भाषेत आहे, हे यंत्राला सांगण्याची सोय असते. मराठीसाठी ही खूण रोमन लिपीतील दोन अक्षरांची, 'एम' आणि 'आर' अशी आहे. ती खूण असेल तर चांगला पडदावाचक आपणहून मराठी आवाजाकडे वळू शकतो. खूण नसेल तर तो नेहमीच्याच आवाजात वाचत राहतो. महाराष्ट्रातील अंध वाचकाने आपला आवाज मराठीच ठेवलेला असण्याचा संभव असतो, म्हणून त्याचे फारसे अडत नाही. भिलाईत मात्र दिवसभराचे निरोप, बँकेचे संदेश, बातम्या हिंदीत येतात. म्हणून आवाजही हिंदी ठेवलेला असतो. लिपी दोन्ही भाषांची एकच. मग हिंदी आवाज मराठी पान हिंदी समजून वाचू लागतो. 'चूल', 'जागा', 'माझा' या शब्दांतील च, ज, झ यांचे दंततालव्य उच्चार तो करत नाही. थोडेसे या अर्थाचा 'जरा' आणि वार्धक्य या अर्थाचा 'जरा' हे दोन्ही त्याला सारखेच. 'ळ' हा वर्ण हिंदीच्या नेहमीच्या लेखनात नसल्यामुळे त्याच्याशीही त्याची ओळख बेताचीच. अर्थ कसाबसा कळतो, पण मातृभाषा परक्याच्या तोंडून ऐकावी लागते. दोन अक्षरे लिहिण्याच्या आळसाची ही किंमत आहे.

याउलट जेथे मजकूर मोकळा आणि नीट लिहिलेला आहे, तेथे चित्र निराळे दिसते. मराठी विकिपीडिया २००३ पासून आहे. मराठी विश्वकोशातील नोंदी संकेतस्थळावर युनिकोडमध्ये वाचता येतात. तेथे मजकुरातील शीर्षके शीर्षके म्हणूनच नोंदवलेली असतील, तर अंध वाचक एक कळ दाबून एका शीर्षकावरून दुसऱ्यावर उडी घेतो. डोळस माणूस नजर फिरवतो तशीच ही क्रिया आहे. शीर्षक केवळ मोठ्या, ठळक अक्षरांत रंगवले असेल, तर मात्र यंत्राला ते साधे वाक्यच वाटते आणि वाचकाला सारे पान पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकावे लागते. दुव्यांचेही तसेच. एका पानावर दहा ठिकाणी 'येथे क्लिक करा' असे लिहिले, तर दुव्यांची यादी ऐकणाऱ्याच्या कानी ते तीन शब्द दहा वेळा पडतात. कशासाठी क्लिक करायचे, ते शेवटपर्यंत कळत नाही.

या सर्वांवर एक सोपा उपाय म्हणून अनेक संकेतस्थळांच्या कोपऱ्यात हल्ली एक चिन्ह दिसते. ते दाबले की पान बोलू लागते, अक्षरे मोठी होतात, रंग बदलतात. नवसाक्षरांना, वयोवृद्धांना, वाचन-अक्षमता असलेल्यांना अशा बोलणाऱ्या बटणाचा लाभ होतो. डोळ्यांपुढे अक्षर आणि कानांत त्याचा उच्चार असे दोन्ही एकाच वेळी मिळाले, तर नव्याने वाचू लागलेल्या प्रौढाचा अडखळलेला शब्द सुटतो. परंतु हे बटण बसवले म्हणजे संकेतस्थळ अंधांना सुगम झाले, ही समजूत चुकीची आहे. अंध माणूस आपला आवाज बरोबर घेऊनच येतो. त्याला दुसऱ्या आवाजाची गरज नसते. गरज असते ती त्याच्या आवाजाला वाचता येईल अशा पानाची. चुकीच्या टंकातील मजकूर त्या बटणाला तरी कसा वाचता येणार? शिवाय ते बटण जेथे आहे तेथवर पोहोचायलाही पडदावाचक लागतोच. एका तुकड्याने कोणतेही संकेतस्थळ आपोआप सुगम करून देऊ, असा दावा करणाऱ्या एका कंपनीला अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाने २०२५ मध्ये दिशाभूल केल्याबद्दल दहा लाख डॉलर भरावयास लावले. भारतातील कार्यालयांनी अशा वस्तूंच्या निविदा काढण्यापूर्वी हे प्रकरण नजरेखालून घालण्यासारखे आहे.

नियमांची उणीव आहे, असे म्हणता येत नाही. संकेतस्थळांच्या सुगमतेची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे १९९९ पासून आहेत. भारत शासनाने आपल्या संकेतस्थळांसाठी २००९ मध्ये मार्गदर्शिका काढली. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्याने माहिती सर्वांना सुलभ रूपात मिळावी, असे बंधन घातले. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तर डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणे हा राज्यघटनेच्या एकविसाव्या अनुच्छेदातील जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असा निर्णय दिला. या प्रकरणी दाद मागणाऱ्यांत आम्लहल्ल्यातून बचावलेल्या व्यक्ती होत्या आणि एक दृष्टिहीन वकीलही होते. बँकेत ओळख पटवण्यासाठी कॅमेऱ्यासमोर डोळ्यांची उघडझाप करण्याची अट त्यांच्यापुढे भिंतीसारखी उभी होती. २०११ च्या जनगणनेत देशातील दृष्टिदोष असलेल्या व्यक्तींची संख्या पन्नास लाखांहून अधिक नोंदली गेली. इतक्या लोकांसाठी खर्च कशाला, असे आडून विचारले जाते. प्रश्नाची मांडणीच चुकते. पान प्रथमच नीट लिहिले तर वेगळा खर्च जवळजवळ होत नाही. बिघडवून मग दुरुस्त करू गेल्यास तो होतो.

यंत्राच्या आवाजाची मर्यादाही सांगितली पाहिजे. केवळ ऐकून शिकलेल्याला ऱ्हस्व-दीर्घ कळत नाही, जोडाक्षराची घडण कळत नाही. अक्षराची ओळख बोटांनाच व्हावी लागते. म्हणून अंध मुलाला भ्रमणध्वनी दिला, आता ब्रेल कशाला, असे म्हणणारा त्या मुलाचे लेखन हिरावून घेत असतो. आवाज वाचनाचा पल्ला वाढवतो. साक्षरता देतो तो ब्रेलच.

मुक्त शिक्षणाचा या विषयाशी निकटचा संबंध आहे. ज्यांना रोजच्या शाळेत जाता आले नाही, त्यांच्यासाठी राष्ट्रीय पातळीवर १९८९ मध्ये मुक्त विद्यालय स्थापन झाले. आज अशा शिक्षणाचा प्रवेशही संगणकावरूनच होतो. बोरसीतील तो वाचक दहावीला बसायचे ठरवतो आणि असाच एखादा अर्ज उघडतो. नाव, पत्ता, जन्मतारीख ही घरे पडदावाचक बोलून दाखवतो. तो ती स्वतः भरतो, कोणालाही न बोलावता. पुढे वाकड्यातिकड्या अक्षरांचे चित्र येते आणि त्यातली अक्षरे ओळखून लिहा, असे सांगितले जाते. त्या जागी ऐकण्याचा पर्याय असेल तर तो पुढे जातो. सर्वांत शेवटी अर्ज पाठवण्याचे बटण येते. ते हिरव्या रंगाचे असते, त्यावर बाणाचे चित्र असते; पण तयार करणाऱ्याने त्याला नाव दिलेले नसते. पडदावाचक तेथे थांबतो आणि 'बटण' एवढेच म्हणतो. ते दाबल्याने अर्ज जाईल की भरलेले सारे पुसले जाईल, हे त्याला कळत नाही. तो शेजारच्या घरातून कोणीतरी येईपर्यंत थांबतो.