आधी डोळे झाका, मग ऐका!



दिवाळीत आम्ही टीव्हीसाठी साउंडबार घेतला. दुकानदार म्हणाला, "मॅडम, सोबतच्या केबलने मजा नाही येणार, ही घ्या." साडेचार हजारांची एचडीएमआय केबल! घेतली. घरी लावली आणि खरं सांगते, तबला जास्त स्पष्ट ऐकू आला. शेजारीपाजारीही सांगून झालं.

सातवीतला भाचा मात्र म्हणाला, "मावशी, केबलमधून शून्य आणि एकच जातात ना? मग महागड्या केबलचे शून्य वेगळे असतात का?"

प्रश्न बिनतोड होता. सीडीच्या ध्वनीत दर सेकंदाला आवाजाचे ४४,१०० नमुने असतात आणि प्रत्येक नमुना १६ बिटांत लिहिलेला असतो. डिजिटल केबलचं काम एवढंच, की आकडे जसेच्या तसे पोहोचवायचे. ते पोहोचले, की स्वस्त काय आणि महाग काय! केबल खराब किंवा फार लांब असेल तर आवाज तुटतो, खटखट होते, कधी बंदच पडतो. पण 'तबला जरा कमी गोड' असं होत नाही.

मग आम्ही चाचणी घेतली. भाच्याने नाणं उडवायचं. छापा आला तर महागडी, काटा आला तर साधी केबल जोडायची, कागदावर नोंद करायची, वर कापड टाकायचं आणि खोलीबाहेर जायचं. मग मी आत येऊन तेच गाणं तेवढ्याच आवाजात ऐकायचं आणि उत्तर लिहायचं. अशा १० फेऱ्या. माझी बरोबर उत्तरं किती? फक्त ५. न ऐकता नाणं उडवलं असतं तरी साधारण तेवढीच आली असती!

भाच्याला बाहेर का पाठवलं? बर्लिनच्या हान्स घोड्याची गोष्ट मुलांना जरूर सांगा. त्याचे मालक फॉन ऑस्टन हे गणिताचे शिक्षक. घोडा खूर आपटून बेरजेची उत्तरं द्यायचा. १९०७ मध्ये ऑस्कर फुंग्स्ट यांनी दाखवून दिलं, की विचारणाऱ्यालाच उत्तर माहीत नसेल तर घोडाही चुकतो. तो गणित करत नव्हता, समोरच्याच्या नकळत होणाऱ्या हालचाली वाचत होता.

आता, आमच्या घरच्या १० फेऱ्यांनी 'फरक कुणालाच कळत नाही' हे सिद्ध होत नाही. पण ज्याला कळतो, त्याने असं करून दाखवावं. नुसत्या अंदाजाने १० पैकी ९ किंवा १० उत्तरं बरोबर येण्याची शक्यता १०२४ मध्ये ११, म्हणजे साधारण एक टक्का. तेवढं जमलं तर मीही मान्य करीन.

साडेचार हजार गेले, त्याचं वाईट वाटलंच. पण मनाला लागलं ते वेगळंच. मी खोटं बोलत नव्हते. तबला मला खरोखरच स्पष्ट वाटला होता. किंमत माहीत होती, म्हणून कान आधीच तयार होते.

मग उत्तरपत्रिका तपासताना काय होत असेल? वरचं नाव वाचून 'हुशार' मुलाचं अर्धवट उत्तर मला पूर्ण वाटत असेल का? आणि मागच्या बाकावरच्याचं पूर्ण उत्तर अर्धवट?

पुढच्या घटक चाचणीला मी नावांवर कागदाची पट्टी लावून पेपर तपासणार आहे. तुम्हीही करून बघा.