जे दिसत नाही, त्याची निगा

तुळशीची लग्ने लागली की लग्नसराईस आरंभ होतो आणि मंगल कार्यालयांच्या हिरवळींवर, बंगल्यांच्या अंगणांत, कारखान्यांच्या दर्शनी भागांत गवत कापण्याची यंत्रे फिरू लागतात. पावसाळ्यात तर त्यांना उसंत नसते. काम आटोपले की यंत्राची वरची बाजू फडक्याने पुसली जाते आणि ते कोठीत ढकलले जाते. जेथे पाते फिरते, ती डेकची खालची बाजू मात्र कोणी पाहत नाही. काही पावसाळे गेले की एके दिवशी तिचा पत्रा गंजून आरपार झालेला आढळतो. व्यापारी घराला ‘घसारा’ हा शब्द नवा नाही. वहीतील घसारा ठरलेल्या दराने लिहिला जातो. लोखंडाचा घसारा मात्र मालकाच्या लक्षावर अवलंबून असतो.

कापडाच्या व्यवसायातील कुटुंबांना या यंत्राचे मूळ ऐकून नवल वाटेल. इंग्लंडमधील स्ट्राउड या गावच्या एडविन बडिंग याने 1830 मध्ये गवत कापण्याच्या यंत्राचे पेटंट घेतले. लोकरी कापडावर उभे राहिलेले तंतू कातरून पृष्ठभाग सारखा करणारे गिरणीतील यंत्र पाहून त्याला ही कल्पना सुचली होती. त्याच्या यंत्रात पाती दंडगोलावर बसवलेली होती. आज सर्वत्र दिसते ते यंत्र वेगळ्या रचनेचे आहे. त्यात उपड्या परातीसारख्या डेकखाली एक आडवे पाते अतिवेगाने फिरते.

या पात्याची मागची कड किंचित वर वळवलेली असते. त्यामुळे पाते पंख्याप्रमाणे हवा वर खेचते, लवलेले गवत उभे राहते, कापले जाते आणि त्याच हवेच्या झोताने पिशवीत जाऊन पडते. डेकचा आतील गोलवा हा या हवेचा मार्ग होय. त्यावर चिखल-गवताचा थर बसला की मार्ग अरुंद होतो. मग पिशवी अर्धीच भरते, हिरवळीवर ओल्या कातरणाचे गोळे पडत जातात, कापणी उंचसखल दिसते आणि इंजिनावर भार वाढतो. अशा वेळी पाते बोथट झाले, असा निष्कर्ष घाईने काढला जातो. पात्याला धार लावण्यापूर्वी एकदा डेकच्या आत डोकावून पाहणे शहाणपणाचे ठरते.

गंजाची कथाही या थरापासूनच सुरू होते. ताज्या गवतात बहुतांश पाणीच असते, आणि त्याचा चिकट रस पत्र्याला घट्ट धरून बसतो. हा थर ओल्या पोतेऱ्यासारखा कित्येक दिवस ओलावा टिकवतो. पात्याने उडवलेल्या खड्यांनी रंगाचे टवके निघालेले असतात. तेथून गंज आत शिरतो. हिरवळीला नुकतेच रासायनिक खत दिलेले असेल, तर त्यातील क्षार गंजाला आणखी वेग देतात. ही हानी केवळ पैशाची नाही. डेक ही एक ढाल आहे. पात्याला लागलेला खडा किंवा खिळा बंदुकीच्या छऱ्यासारखा उडतो. तो माळ्याच्या पायापर्यंत किंवा जवळ खेळणाऱ्या मुलापर्यंत पोहोचू नये, हे काम हाच पत्रा करतो. कुजलेला पत्रा हे काम करू शकत नाही.

सफाईस हात घालण्यापूर्वी एक नियम कधीही मोडू नये: यंत्र सुरू होण्याची शक्यता आधी संपवावी. पेट्रोलचे यंत्र असल्यास ते बंद करून थंड होऊ द्यावे आणि स्पार्क प्लगवरील वायरची टोपी काढून बाजूस ठेवावी. हाताने पाते फिरवले तरी इंजिन फिरते, व जोडलेला प्लग त्या क्षणी ठिणगी देऊ शकतो. विजेच्या यंत्राचा प्लग बोर्डातून काढावा. बॅटरीच्या यंत्रातील बॅटरी बाहेर काढावी. हातात जाड मोजे असावेत. टाकीत पेट्रोल कमी असतानाच यंत्र कलते करावे, आणि कलते करताना एअर फिल्टर व कार्ब्युरेटरची बाजू वर राहील असे पाहावे. नाहीतर तेल फिल्टरमध्ये उतरते. कोणत्या बाजूस कलते करावे हे यंत्राच्या पुस्तिकेत दिलेले असते. बसून चालवण्याचे मोठे यंत्र नुसत्या जॅकवर उचलून त्याखाली कधीही हात घालू नये.

थर ओला असतानाच सहज निघतो. लाकडाच्या किंवा जाड प्लॅस्टिकच्या पट्टीने तो खरवडावा, मग ताठ ब्रशने कोपरे साफ करावेत. वाळून घट्ट झालेला थर थोडा भिजवून काढावा. विजेच्या व बॅटरीच्या यंत्रावर पाण्याची धार मारू नये. पेट्रोलच्या यंत्रावरही जोराचा फवारा पात्याच्या दांड्याकडे व बेअरिंगकडे वळवू नये, कारण आत शिरलेले पाणी वंगण धुऊन नेते. धुतल्यानंतर पत्रा पूर्ण कोरडा होऊ द्यावा. काढलेले कातरण त्याच दिवशी कंपोस्टच्या खड्ड्यात टाकावे. डेकला चिकटून राहिलेल्या ओल्या थरात किडे-अळ्या घर करतात, आणि तणांचे बी व बुरशी एका हिरवळीवरून दुसऱ्या हिरवळीवर जाते.

वर्षातून एकदा, शक्यतो पावसाळ्यापूर्वी, संरक्षणाचे काम करावे. गंजलेला भाग तारेच्या ब्रशने व पॉलिश पेपरने घासून उघडा करावा, तेलकटपणा पुसावा, रेड ऑक्साइड प्रायमरचा हात द्यावा आणि तो वाळल्यावर ऑइल पेंटचे दोन पातळ हात द्यावेत. पात्याला रंग लावू नये; त्याचा तोल बिघडल्यास यंत्र थरथरते आणि बेअरिंग झिजते. गवत चिकटू नये म्हणून सिलिकॉनचा किंवा ग्राफाइटचा कोरडा फवारा उपयोगी पडतो, मात्र तो वारंवार मारावा लागतो. जळके इंजिन ऑइल लावण्याची पद्धत टाळावी. ते ठिबकून हिरवळीवर डाग पाडते आणि माती दूषित करते. पत्रा बोटाने दाबल्यावर लवत असेल किंवा त्याला भेग गेली असेल, तर रंगाने ती झाकू नये. डेक बदलावा.

या सर्वांहून सोपा उपाय म्हणजे गवत कोरडे असताना कापणे, आणि एका वेळी त्याच्या उंचीच्या एक तृतीयांशाहून अधिक न कापणे. इतके पाळले तरी निम्मा थर बसतच नाही.

शेवटची गोष्ट हिशेबाची आहे. माळ्याला मजुरी कापणीची मिळत असेल आणि सफाईचा वेळ त्यात धरलेला नसेल, तर तो यंत्र तसेच ठेवून पुढच्या कामाला जाणारच. दोष त्याला देता येत नाही. मालकाने पंधरा मिनिटे सफाईची म्हणून मजुरीत धरावीत, मोज्यांचा एक जोड यंत्राबरोबरच टांगून ठेवावा, आणि प्लगची टोपी काढण्याची रीत एकदा स्वतः उभे राहून दाखवावी. असे केल्याने पत्रा वाचेल, आणि त्याहून मोलाची माळ्याची बोटेही सुरक्षित राहतील.