न दिसणाऱ्या माऱ्याचा हिशेब कोण देणार?

57,443 पैकी 52,173! देशाच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी 2012 साली संसदेपुढे ठेवलेला हा हिशेब. पहिला आकडा देशातल्या वैद्यकीय एक्स-रे केंद्रांचा. दुसरा, त्यांपैकी अणुऊर्जा नियामक मंडळाच्या दप्तरी नोंदच नसलेल्यांचा. शंभरातली एक्क्याण्णव केंद्रे कायद्याच्या नजरेआड राहून रोज माणसांच्या छातीतून, पोटातून, लेकरांच्या कोवळ्या हाडांतून किरण सोडत होती. प्रत्येक राज्यात किरणोत्सर्ग सुरक्षा संचालनालय उभारा, असे सर्वोच्च न्यायालयाने 2001 मध्येच बजावले होते. अकरा वर्षांनी लेखापरीक्षकांनी शोधले, तेव्हा ते सापडले फक्त केरळात आणि मिझोराममध्ये. बाकीची राज्ये काय करीत होती? आणि ज्या मंडळाचे मुख्यालय मुंबईत अणुशक्तीनगरात आहे, त्याच्या डोळ्यांदेखत हे घडले!

त्यानंतर मंडळाने 'ई-लोरा' ही ऑनलाइन परवाना व्यवस्था आणली, नोंदणी वाढली; ते श्रेय आम्ही नाकारत नाही. पण नोंद झाली म्हणजे यंत्र निर्धोक झाले काय? एक्स-रेच्या नळीचेही वय होते. टेबलावर पडणारा उजेडाचा चौकोन आणि प्रत्यक्ष किरणांचा चौकोन एकमेकांवरून सरकतात. मग मनगटाचा फोटो काढायचा म्हणून बसवलेल्या पोराच्या अंगावर नको तिथे किरण पडतात. टायमर चुकतो, नळीचा विद्युतदाब (केव्ही) भलताच निघतो, नळीच्या आवरणातून गळती होते. म्हणूनच दर दोन वर्षांनी आणि प्रत्येक मोठ्या दुरुस्तीनंतर गुणवत्ता चाचणी करण्याचा दंडक आहे. ही चाचणी म्हणजे प्रमाणपत्र चौकटीत लावण्याचा सोपस्कार नव्हे. ती झाली नाही, तर त्या यंत्रातून नेमके किती किरण बाहेर पडतात हे चालवणाऱ्यालाही ठाऊक नसते.

डिजिटल यंत्रांनी तर हा आंधळेपणा वाढवला आहे. फिल्मच्या काळात किरणांची मात्रा जास्त झाली की फिल्म काळी पडायची. चूक डार्करूममध्येच पकडली जायची. आज दुप्पट मात्रा दिली तरी संगणक चित्र सावरून घेतो, उलट ते अधिकच स्वच्छ दिसते. मात्रा कमी पडली तर चित्रात दाणे येतात, डॉक्टर रागावतात. जास्त झाली तर कोणीच रागावत नाही. मग तंत्रज्ञाचा हात हळूहळू वरच्या आकड्याकडेच जाणार. दोष त्याचा नाही, त्याच्यावर लक्ष न ठेवणाऱ्यांचा आहे. अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या सीडर्स-सायनाय या नामांकित रुग्णालयात मेंदूच्या सीटी स्कॅनमध्ये दोनशेहून अधिक रुग्णांना ठरलेल्या मात्रेच्या सुमारे आठपट मात्रा मिळत राहिली. तीही तब्बल अठरा महिने. 2009 मध्ये ते उघडकीस आले, एका रुग्णाचे केस पुंजक्यांनी गळाले म्हणून! केस गळण्याइतकी मात्रा नसती तर? तिथे ही गत, तर तालुक्याच्या गावी, जुने यंत्र विकत घेऊन थाटलेल्या केंद्रात कोण कोणाला विचारतो?

कोणी याचा अर्थ एक्स-रे काढू नका असा करील, तर ते घातक ठरेल. छातीच्या एका एक्स-रेची मात्रा निसर्गातून काही दिवसांत आपल्याला मिळते तेवढीच असते, आणि त्यातून क्षयरोग वेळीच सापडतो. पोटाच्या सीटीची गोष्ट वेगळी. ती मात्रा निसर्गाच्या काही वर्षांची असते. गरज असेल तर तीही घ्यावी. पण रिपोर्ट धूसर आला म्हणून पुन्हा, दुसऱ्या डॉक्टरांचा पहिल्या केंद्रावर विश्वास नाही म्हणून पुन्हा, हा मारा रुग्णाने कशासाठी सोसायचा?

आणि आत काम करणाऱ्यांचे काय? शस्त्रक्रियागृहात सी-आर्म हे एक्स-रे यंत्र चालू असताना शिसाच्या एप्रनविना उभी राहणारी परिचारिका, रुग्णाचा पाय धरून ठेवणारा वॉर्डबॉय! त्यांच्या छातीवर किरणांची मात्रा मोजणारा टीएलडी बिल्लाच नसेल, किंवा तो कपाटात पडून असेल, तर वर्षाला सरासरी 20 मिलिसिव्हर्टची मर्यादा मोजायची कशावर?

मनुष्यबळ नाही, ही सबब आम्हाला ऐकवू नका. गर्भलिंगनिदान रोखण्यासाठी राज्य सरकारच्याच यंत्रणेने सोनोग्राफीचे एकेक यंत्र नोंदवले, दर्शनी भागात प्रमाणपत्र लावायला लावले, गरोदर स्त्रीच्या प्रत्येक तपासणीचा फॉर्म भरून घेतला, कसूर करणाऱ्यांची यंत्रे सील केली. त्या यंत्रातून तर किरणोत्सर्गाचा लवलेशही येत नाही. ते जमले, मग हे का जमत नाही?

राज्य सरकारने प्रत्येक तालुक्यातील एक्स-रे, सीटी, मॅमोग्राफी आणि सी-आर्म यंत्रांची यादी जाहीर करावी; परवाना आणि शेवटच्या चाचणीच्या तारखेसह. ती तारीख केंद्राच्या दारावर मराठीत, ठळक अक्षरांत लागली पाहिजे. सीटी यंत्र प्रत्येक तपासणीची मात्रा स्वतःच नोंदवते. ती रुग्णाच्या रिपोर्टवर छापा. फेरतपासण्यांची नोंद ठेवा आणि ती तपासा. चाचणीची मुदत उलटलेले यंत्र त्याच दिवशी बंद करा, मग ते पुढाऱ्याच्या रुग्णालयातले असो की जिल्हा रुग्णालयातले.