प्रलयानंतरचे विमान

दिवाळीच्या आधी घरोघर झाडलोट चाललेली असते. भिंती उजळतात, पितळी भांडी लखलखतात. अशा दिवसांत एक नवेकोरे विमान कळकट करीत बसलेल्या माणसाकडे घरची मंडळी कोणत्या नजरेने पाहत असतील, हे वाचकांना सांगायला नको. पण या सदरात छंदांचेच कौतुक व्हायचे, म्हणून धीर करून सांगतो.

विमान डाकोटा. खऱ्याच्या ७२ पट लहान, प्लॅस्टिकच्या सुट्या भागांचे. पंखांचा विस्तार जेमतेम ४० सेंटिमीटर. खरे विमान पहिल्यांदा उडाले १७ डिसेंबर १९३५ रोजी. २७ ऑक्टोबर १९४७ रोजी आपले जवान श्रीनगरला उतरले, तेही डाकोटातूनच. मोठे दणकट विमान, गवताळ माळावरही उतरणारे! जगबुडीला वीस वर्षे लोटल्यावर एखादे विमान उरलेले दाखवायचे, तर ते हेच, असे मी ठरवले.

जोडणी चार संध्याकाळींत उरकते. खरी परीक्षा पुढे, विमान जुने करताना. नवशिके सगळीकडे तांबडा गंज फासतात. पण डाकोटाचा पत्रा ॲल्युमिनियमचा. समुद्राकाठच्या घरांतील ॲल्युमिनियमच्या खिडक्या आठवा. त्या तांबड्या होत नाहीत, त्यांच्यावर पांढरट पूड धरते. तांबडा गंज चढवायचा तो पोलादी जागी, म्हणजे बोल्टांवर आणि चाकांच्या दांड्यांवर. शेपटीच्या सुकाणूवर तर पत्राही नसतो, कापड ताणलेले असते. वीस पावसाळ्यांत ते कुजणारच. म्हणून मी सुकाणूचा भाग पोखरून तिथे बारीक पट्ट्यांच्या उघड्या फासळ्या बसवल्या.

रंगाचे पोपडे काढण्याची युक्ती गमतीची आहे. आधी रुपेरी रंग देऊन तो पक्का वाळू द्यावा. त्यावर बायका केसांवर मारतात तो स्प्रे मारावा आणि वर पाण्यात कालवण्याचा ॲक्रिलिक रंग. तो सुकताच ओल्या राठ ब्रशाने हलके घासले, की मधला थर विरघळतो, वरचा रंग निघून येतो आणि खालची चांदी डोकावते. घासायचे मात्र तिथेच, जिथे खरोखर हात-पाय लागतात: दाराची चौकट, झाकणांच्या कडा, पंखांची मुळे.

ओघळांचेही असेच. डाकोटा शेपटीवर टेकून, नाक वर करून उभे असते. पाण्याचा ओघळ जमिनीच्या दिशेने सरळ उतरतो, विमानाच्या कलण्याशी त्याला कर्तव्य नसते. विमान टेबलावर चाकांवर उभे करावे आणि पातळ तैलरंगाची रेघ ओळंब्यात ओढावी. शेवटी रंगीत खडूची भुकटी, झाली धूळ!

माझा चौदा वर्षांचा भाचा हे सारे टक लावून पाहत होता. म्हणाला, "मामा, मग माणसं सगळीच मेली का?"

ब्रश हातातच राहिला. प्रश्न रंगाचाच होता. कुणी उरलेच नसेल, तर विमानावर फक्त ऊन-पावसाची खूण हवी. कुणी उरले असेल, तर पायरी झिजलेली हवी, दाराला ठिगळ हवे, एखादी काच पुसलेली हवी. दोन्ही एकदम दाखवता येत नाही. "तूच ठरव," मी म्हटले.

त्याने पत्र्याचे ठिगळ लावले, चालकापुढची एक काच स्वच्छ पुसली. मग साच्याच्या चौकटीचा उरलेला तुकडा मेणबत्तीवर मऊ करून ओढला. केसासारखा दोरा निघाला. तो पंख्याच्या पात्यापासून दारापर्यंत बांधला आणि त्यावर पातळ कागदाचे कपडे वाळत घातले.

घरी येणारे पाहुणे गंजाची तारीफ करतात. पण वाकून बघतात ते दोरीवरचे सर्वांत छोटे कापड. ते झबले आहे.