चोर आणि संन्यासी

दोष दिसेनासा झाला म्हणजे तो दूर झाला, ही समजूत राज्यकारभारात जितकी रूढ आहे तितकीच यंत्रांच्या व्यवहारातही आहे. ती किती घातक आहे याचा दाखला लिनक्सच्या इतिहासात २००८ साली घडला. अँड्रॉइड फोनपासून जगातील अग्रगण्य महासंगणकांपर्यंत आज लिनक्सचाच गाभा, म्हणजे कर्नेल, चालतो. सबब ही केवळ तंत्रज्ञांची गोष्ट नव्हे.

त्या वर्षीच्या सप्टेंबरात कर्नेलच्या २.६.२७ या आवृत्तीची चाचणी चालू असता इंटेल कंपनीची काही नेटवर्क-कार्डे एकाएकी निकामी होऊ लागली. कार्डाची ओळख आणि मांडणी ज्या कायम स्मृतीत नोंदलेली असते, तीच बिघडत होती. संगणक बंद करून पुन्हा सुरू केल्याने भरून येणारी ही हानी नव्हती. कार्ड चालविणारा 'ई-१०००-ई' हा ड्रायव्हर साहजिकच आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहिला.

प्रथम जे करावयास हवे होते ते झाले. त्या स्मृतीवर काही लिहिले जाऊ नये म्हणून तिला कुलूप घालण्यात आले आणि ९ ऑक्टोबर रोजी आवृत्ती प्रसिद्ध झाली. एरवी चौकशीचे दप्तर येथेच बांधले गेले असते. परंतु कुलूप लागले म्हणजे चोर सापडला असे नव्हे, हे त्या मंडळींनी ओळखले. शोध चालू राहिला आणि या अपराधापुरता ड्रायव्हर निर्दोष ठरला!

दोषी होते ते 'एफ-ट्रेस', म्हणजे कर्नेलमध्ये काय घडते याचा माग ठेवणारे साधन. जो मजकूर एकदाच वापरून स्मृतीतून काढून टाकला जातो, त्याचाही पत्ता ते आपल्या वहीत जपून ठेवीत होते. दरम्यान तो पत्ता कार्डाच्या कायम स्मृतीच्या वाट्यास येई. आणि जुनी नोंद प्रमाण मानून हे साधन तेथे फेरफार करावयास जाई. १५ ऑक्टोबरच्या २.६.२७.१ या आवृत्तीत त्याचा तो भाग बंद करण्यात आला आणि पुढे त्याची घडणच बदलण्यात आली.

आपल्याकडे अपघात होतो, कनिष्ठ नोकर निलंबित होतो, समिती बसते आणि लोकांचा क्षोभ ओसरताच अहवाल कपाटात जातो. चोर सोडून संन्याशाला सुळी देण्याचाच हा प्रकार. यावर कोणी म्हणेल की, हानी थांबल्यावर कारणाच्या मागे लागण्यास सवड कोणास आहे? आमचे उत्तर असे की, न सापडलेले कारण स्वस्थ बसत नाही. एका दाराला कुलूप दिसताच ते दुसरे दार शोधते. हानी थांबविणे हे तातडीचे कर्तव्य खरे. पण धोका टळल्यावर, कोणाची शाबासकी मिळण्याची आशा नसताना, मुळापर्यंत जाणे हेच दुरुस्तीचे खरे काम होय. ते करणाऱ्यांस वेळ, वेतन आणि मान देण्याची तयारी ज्या समाजाची नाही, त्याने आपली यंत्रे सुरक्षित आहेत असे मानू नये.